वाचनालयाला आधार क्रमांक कशाला हवा?

खाडीकाठ
आपल्या तालुक्याचं वाचनालय ‘स्मार्ट’ झाल्याची पोस्ट वाचली. ॲपवर आधार आणि मोबाईल नंबर भरल्याशिवाय वर्गणीचं नूतनीकरण नाही. खाली पोस्टकर्त्याचं वाक्य : ‘ज्याला लपवायचं नाही त्याने घाबरायचं कशाला?’ डोकं फिरलं, म्हणून हे लांबलचक.

रत्नागिरीचं नगर वाचनालय 1828 चं, सावंतवाडीचं श्रीराम वाचन मंदिर 1852 चं. आधारचा पहिला क्रमांक 2010 मध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात दिला गेला. तोवर पुस्तकं अनामत आणि ओळखीच्या सभासदाच्या सहीवर जात होती नि परतही येत होती. एखादी बाई घटस्फोटाच्या कायद्याचं पुस्तक नेते, एखादा मुलगा नैराश्यावरचं. ती नोंद त्यांच्या आधारला जोडून कुठल्याशा कंपनीच्या सर्व्हरवर का पडावी? 2017 मध्ये नऊ न्यायमूर्तींनी एकमताने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. तो वाचनालयाच्या पायरीवर संपत नाही.

डोंबिवलीचा चाकरमानी
मी इथून आईसाठी पुस्तक राखून ठेवतो, शेजारचा मुलगा आणून देतो. गुडघ्यांमुळे तिचं वाचन सुटलं होतं, ॲपमुळे परत सुरू झालं. तुमच्या तत्त्वापायी ते बंद करू?

खाडीकाठ
ॲप बंद करा असं मी कुठे लिहिलंय? आधार काढा म्हणतोय. नीट वाचा.

निवृत्त ग्रंथपाल, मालवण
दोघांनाही सांगते. कागदी रजिस्टर खासगी होतं हा भ्रम आहे. टेबलावर उघडं पडलेलं असायचं, येणारा-जाणारा पानं चाळायचा. एका सुनेने काय नेलं ते संध्याकाळपर्यंत सासऱ्याच्या कानावर गेलेलं मी पाहिलंय. बिचारीचं येणंच बंद झालं. संगणकात उलट सोय आहे. ‘कोहा’ हे वाचनालयासाठीचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं. पुस्तक परत आलं की कोणी नेलं होतं ती नोंद पुसायची सोय त्यात आहे. कार्यकारिणीला एवढंच विचारा : ती चालू आहे का?

बाजारपेठ चिपळूण
तुम्ही पुसायचं बोलताय, आमच्याकडे वाशिष्ठी नदीच्या पुरानेच पुसलं. 22 जुलै 2021. आमचं लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर 1864 चं, तिथली पुस्तकं पाण्यात गेली. नोंदी बाहेर कुठेतरी सर्व्हरवर असणं ही आमची गरज आहे.

हर्णै बंदर
आणि निसर्ग वादळानंतर? जून 2020 ला आमच्याकडे कित्येक दिवस वीज नाही, टॉवर आडवे. तेव्हा सर्व्हरवरची यादी कोण उघडणार होतं? वहीला चार्जिंग लागत नाही.

बाजारपेठ चिपळूण
वहीचा लगदा झालेला मी या हातांनी उपसलाय.

डोंबिवलीचा चाकरमानी
वरच्या मजल्यावर हलवायचं ना सगळं. दर पावसाळ्याआधी एवढंही जमत नाही?

बाजारपेठ चिपळूण
रात्रीत पाणी चढलं तेव्हा माणसं वर न्यायची की रजिस्टरं? गाळ काढायला आला होतात का? मग डोंबिवलीतून शिकवू नका.

डोंबिवलीचा चाकरमानी
आलो नव्हतो. पण गाव माझंही आहे, वर्गणी मीही भरतो.

हर्णै बंदर
सुटीत येता तेव्हा वीज असते, म्हणून ॲप गोड लागतं.

खाडीकाठ
पूर आणि वादळ बाजूला ठेवा. एक प्रत वहीत, एक दुसऱ्या गावच्या संगणकावर ठेवा. त्यातल्या कशाला आधार लागतो? आणि बालविभागाचं कोणी बोलतच नाही. 2023 च्या डेटा संरक्षण कायद्यात अठराखालच्या मुलांसाठी पालकांची पडताळलेली संमती सांगितली आहे, मुलांच्या वागण्याचा माग ठेवायला मनाई आहे. ते ॲप मुलांना ‘तुम्ही हे वाचलंत, आता हे वाचा’ असं सुचवतं. हे कुणाला विचारून?

निवृत्त ग्रंथपाल, मालवण
हा मुद्दा माझ्याही ध्यानात नव्हता आला. पण मुलांना पुस्तक सुचवणं हे ग्रंथपालाचंच काम होतं हो. ते माणसाने करावं. त्यासाठी माणसाला जगण्याइतका पगार द्यावा लागतो, तो कोणी देत नाही, म्हणून ॲप आलं. अनुदानावर कशीबशी चालणारी वाचनालयं आहेत ही. त्याबद्दल धागा कधी काढणार?

डोंबिवलीचा चाकरमानी
ठीक आहे, आधार नको. मुलांचा मागही नको. पण घरबसल्या यादी बघणं आणि राखून ठेवणं यांना हात लावलात तर सर्वसाधारण सभेला मी स्वतः येऊन विरोध करीन.

बाजारपेठ चिपळूण
या. पण सभा पावसाआधी लावा, आणि दुसरी प्रत कुठल्या गावात ठेवायची ते त्याच दिवशी ठरवा.