बरीच वाळवंटं ३० अंश अक्षांशाच्या आसपासच का?
विषुववृत्तावर ऊन सगळ्यात जास्त, मग वाळवंटं तिथेच हवीत असं कुणालाही वाटेल, पण होतं नेमकं उलटं. तिथली तापलेली दमट हवा वर चढते, थंड होते आणि पाणी तिथंच ओतून टाकते, म्हणून तर ॲमेझॉन नि काँगोची जंगलं. मग ती कोरडी हवा वरूनच उत्तर-दक्षिणेला सरकत साधारण ३० अंशांच्या आसपास खाली उतरते, उतरताना दाबली जाऊन तापते, ढग धरूच देत नाही. सहारा, अरबस्तान, ऑस्ट्रेलियाचा मधला भाग, बघा नकाशावर! मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा कितीतरी वेळ नकाशाच बघत बसलो होतो. पण नुसत्या अक्षांशावर जाऊ नका हं, लंडन कॅनडातल्या विनिपेग शहरापेक्षा उत्तरेला आहे तरी हिवाळा सौम्य, कारण तिथे पश्चिमेकडून समुद्रावरची हवा येते.