४२व्या स्तोत्रातली गर्दी

बायबलच्या स्तोत्रसंहितेतलं ४२वं स्तोत्र म्हणजे एकट्या जिवाची देवासाठीची तहान असं म्हणतात, ते बरोबरच आहे पण मला वाटतं अर्धंच आहे. सुरुवातीच्या, पाण्यासाठी तळमळणाऱ्या हरिणीच्या तहानेवर आपण सगळे थांबतो आणि चौथी ओवी तशीच सुटून जाते. तिथे कवीला आठवतं काय, तर तो लोकांच्या घोळक्यात देवाच्या घराकडे, म्हणजे यरुशलेमच्या मंदिराकडे जायचा, गात, ओरडत, सण साजरा करत. हिब्रूत शब्द आहे 'हामोन खोगेग', सण करणारी गर्दी. म्हणजे देव आठवतो तो माणसांसकट! आणि आत्ता आजूबाजूला कोण, तर 'तुझा देव कुठाय' असं दिवसभर विचारणारे.

४३वं पण सोबत वाचा प्लीज, तेच ध्रुवपद ('माझ्या जिवा, तू का खचलास') दोन्हींत मिळून तीनदा येतं, मूळ एकच कविता असावी.

अजून एक, जे मला फार आवडतं. हा माणूस यार्देन नदी आणि हर्मोन डोंगराच्या भागातून लिहितोय, यरुशलेमपासून लांब उत्तरेला, हर्मोन म्हणजे त्याच्यासाठी ताटातूट. आणि १३३व्यात, भाऊ एकत्र राहतात ते किती छान म्हणणाऱ्या त्या छोट्याशा स्तोत्रात, त्याच हर्मोनचं दंव सियोनच्या, म्हणजे यरुशलेमच्या, डोंगरांवर उतरतं. दोन वेगळी स्तोत्रं आहेत, कवीने मुद्दाम जोडलीत असं मी म्हणत नाहीये, पण लागोपाठ वाचली की मला दरवेळी भरून येतं.