मर्ज, कंबाईन, जॉईन, क्लब... मराठीत नक्की काय लिहायचं?

सोसायटीच्या एका नोटिशीवरून आठ दिवस डोकं उठलंय म्हणून विचारतोय. आम्ही कोथरूडला, शेजारची सोसायटी आणि आमची, मधे एक कंपाऊंडची भिंत, आणि रिडेव्हलपमेंटला दोन्ही प्लॉट मिळून दिले तर बरं पडेल असं घाटतंय. सेक्रेटरींनी इंग्रजीत 'मर्ज' लिहिलेलं, मराठी नोटीस करायचं काम माझ्या गळ्यात. मी ठोकून दिलं, 'दोन्ही सोसायट्यांचे विलीनीकरण'. नोटीस बोर्डावर लागली त्याच संध्याकाळी बी विंगमधले काका चष्मा कपाळावर चढवून दारात हजर. "अहो, अनंतात विलीन झाल्यासारखं वाटतंय हे. विलीन कोण होणार, आपण का ते?"

तेव्हा हसलो पण नंतर बघितलं तर काकांचा मुद्दा बिनतोड आहे. मर्ज हा लॅटिनमधल्या 'बुडवणे' अर्थाच्या क्रियापदावरून आलाय, सबमर्ज त्याच घरातला. आणि आपलं विलीन म्हणजे विरघळलेलं. म्हणजे भाषांतर चोख आहे, दोन्हीकडे कोणीतरी बुडतंय! १ एप्रिल २०१९ ला विजया आणि देना या बँका बडोदा बँकेत विलीन झाल्या, पाट्या कोणाच्या उतरल्या ते सगळ्यांनी बघितलंय. १९४८ मध्ये भोर, औंध, सांगली ही संस्थानं विलीन झाली तिथेही तेच, राजे राहिले, राज्य गेलं. एक्सेलमध्ये चार भरलेले सेल मर्ज करून बघा, डावीकडचा वरचा तेवढा राहतो, बाकी तिघांचं लिहिलेलं पुसून टाकतं (आधी विचारतं, पण वाचतो कोण).

इंग्रजीत मर्ज इनटू म्हटलं की कोण कोणाच्या पोटात गेलं ते कळतं, मर्ज विथ जरा सभ्यपणे झाकून घेतं. मराठीत ती सोयच नाही, अमक्या'त' विलीन असंच म्हणावं लागतं, अमक्या'शी' विलीन कोणी म्हणत नाही.

मग कंबाईन काय? मला संगम ब्रिजवरून जाताना सुचलं. मुळा आणि मुठा तिथे भेटतात आणि पुढे नदीचं नाव मुळा-मुठा, दोघी शाबूत, मधे हायफन. हे कंबाईन. कंबाईनच्या पोटात 'दोन-दोन, जोडीने' असा अर्थ आहेच. तीच नदी पुढे जाऊन भीमेला मिळते आणि मग मुळाही नाही मुठाही नाही, नुसती भीमा. हे मर्ज. आणि आपलं मिळणे बघा, नदी मिळते, पगारही मिळतो, दूध-पाण्यासारखी माणसंही मिळून जातात, एका क्रियापदात सगळं उरकलंय.

जॉईनमध्ये मात्र सांधा दिसला पाहिजे. प्लंबर पाईपला 'जॉईंट' मारतो, तो कुठे मारलाय ते पावसाळ्यात कळतंच. जॉईन, इंग्रजी योक, आपला योग आणि बैलांच्या मानेवरचं जू ही सगळी लांबची भावंडं आहेत. जुळवणे आणि जुंपणे हे दोन्ही आपल्याकडे जवळ आणणारेच शब्द, पण आधी लग्न जुळतं आणि मग जुंपते. नोकरीला मात्र लोक 'जॉईन झालो' का म्हणतात कळत नाही, रुजू झालो काय वाईट आहे?

क्लबची वेगळीच गंमत. ऑफिसात आपण सर्रास म्हणतो, सुट्टी वीकेंडला क्लब केली, दोन मीटिंगा क्लब करू. मी लंडनच्या टीमला तसंच लिहिलं तर तिकडून विचारणा, म्हणजे नक्की काय करायचं? हा अर्थ मुख्यतः आपल्याकडच्या इंग्रजीतला. त्यांचं क्लब टुगेदर म्हणजे सगळ्यांनी पैसे काढणं, आपली वर्गणी. आणि नुसतं क्लब करणं म्हणजे सोटा घालणं. म्हणजे मी लिहिलं होतं, या, दोन मीटिंगांना सोटा घालू. (मीटिंगा बघता चुकीचं नव्हतं.)

तर नोटिशीत काय लिहू?

—

जमिनीसाठी शब्द आधीपासून आहे ना, एकत्रीकरण. १९४७ चा तुकडेबंदीचा कायदा आहे त्याच्या नावातच तो आहे. गावाकडच्या सातबाऱ्यावर सर्व्हे नंबरऐवजी गट नंबर असतो तो त्या एकत्रीकरण योजनेतलाच, बारके तुकडे एका गटात घातले. तुमच्या सोसायट्या राहू देत बाजूला, प्लॉट एकत्र होतायत तेवढंच लिहा.

—

फक्त 'समाविष्ट' लिहू नका, कळकळीची विनंती. आमचं गाव महापालिकेत घेतलं, २०१७ ला ११ गावं आली, २०२१ ला २३, आणि पेपरात अजून 'समाविष्ट गावे' म्हणूनच छापून येतं. लग्न होऊन इतकी वर्षं झाली तरी सासरी 'नवी सून' म्हणावं तसं.

—

एकत्रीकरण आवडलं, घेतलं. 'दोन्ही भूखंडांचे एकत्रीकरण' अशी नवी नोटीस लावली, काकांनी दोनदा वाचली, मान हलवली. म्हटलं सुटलो. तर जिन्यातून परत वर आले, "ठीक आहे, पण नव्या बिल्डिंगच्या नावात दोन्ही नावं येणार ना? मग हायफनच्या आधी कोणाचं?" रविवारी मीटिंग आहे.