पीटीत नायट्रेट नापास झालं. आधी गेलेल्या रिपोर्टांचं काय करायचं?

कळंब्याची केमिस्ट

नमस्कार. मी कोल्हापुरात एका खासगी पाणी तपासणी लॅबमध्ये चार वर्षं काम करते. शिवाजी विद्यापीठातून एम.एस्सी. केल्यावरची ही पहिलीच नोकरी. लॅबचं नाव लिहीत नाही, विचारू नका.

गेल्या आठवड्यात आमचा पीटीचा निकाल आला. या क्षेत्रात नसलेल्यांसाठी सांगते. प्रोफिशिअन्सी टेस्टिंगमध्ये एकाच पाण्याच्या सारख्या बाटल्या बऱ्याच लॅबना जातात. आत काय किती आहे हे आपल्याला माहीत नसतं. आपण रोजच्या पद्धतीनं तपासून आकडा कळवायचा. मग तो ठरलेल्या आकड्यापासून किती लांब पडला ते मोजतात आणि त्या फरकाला ठरवून दिलेल्या विचलनानं भागतात. तो झेड स्कोअर. दोनपर्यंत समाधानकारक, दोन ते तीन शंकास्पद, तीन किंवा त्यापुढे नापास. अधिक असो की उणे.

आमचं हार्डनेस ०.४, क्लोराइड उणे ०.७, सल्फेट ०.९, फ्लोराइड १.१. आणि नायट्रेट उणे ३.२. नायट्रेटचा ठरलेला आकडा लिटरला ४२.० मिलिग्रॅम, आम्ही कळवलेला ३५.३, विचलन २.१.

तो सँपल मीच केला होता. रोजच्यासारखा, एकदाच. "बाकीच्या लॅबना काय आलंय जरा विचारून घे" असं मला सुचवलं गेलं होतं. मी विचारलं नाही. विचारून आकडा जुळवला असता तर आज पास असते आणि हे कधी कळलंच नसतं.

साहेबांचं म्हणणं, आयोजकाचाच आकडा चुकला असेल. नसेल तर एकदा परत कर, फॉर्मवर 'ॲनालिस्टची चूक' लिही आणि बंद कर, पुढच्या राउंडला बघू.

माझी झोप उडाली आहे ती स्कोअरमुळे नाही. आमचं नायट्रेट जर खरोखर सोळा टक्के कमी येत असेल तर किती दिवसांपासून येतंय? आयएस १०५०० मध्ये, म्हणजे पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, हार्डनेस २०० वरून ६०० पर्यंत चालवून घेतात, टीडीएस (एकूण विरघळलेले क्षार) ५०० वरून २००० पर्यंत, दुसरं पाणीच नसेल तर. नायट्रेटला तशी सवलतच नाही. ४५ म्हणजे ४५. मग ज्या विहिरीला मी ३९ लिहिलं तिच्यात खरे ४६ असणार. रात्री रजिस्टर घेऊन बसले. जूनपासून ३८ ते ४५ च्या मधले अकरा रिपोर्ट निघाले. बहुतेक शिरोळ आणि हातकणंगले तालुक्यातल्या, उसातल्या विहिरी आणि बोअर.

त्यातला एक ४१ चा. ते काका मला चांगले आठवतात. दोन लिटरचा कॅन पिशवीत गुंडाळून एसटीनं आले होते. रिपोर्ट हातात घेऊन त्यांनी विचारलं, "नातू चार महिन्यांचा आहे, वरच्या दुधावर. पावडर कालवायला हे पाणी चालंल न्हवं?" मी आकडा बघितला आणि म्हणाले, "चालेल काका, मर्यादेच्या आत आहे."

आतापर्यंत हे तपासलं: कॅलिब्रेशनची रेषा (माहीत असलेल्या द्रावणांवरून काढलेली, जिच्यावरून सँपलचा आकडा वाचतो) सरळ, ब्लँक (नायट्रेट नसलेलं पाणी) स्वच्छ. २२० आणि २७५ नॅनोमीटर, प्रकाशाच्या या दोन्ही तरंगलांबींना रीडिंग घेतो, वजावट बरोबर आहे. इंटर्नल क्यूसीचा, म्हणजे माहीत असलेलं द्रावण रोज लावून ठेवायचा, चार्ट सहा महिने दोन रेषांच्या आत. स्पाइक रिकव्हरी (सँपलमध्ये मुद्दाम घातलेलं नायट्रेट किती परत सापडतं ते) ९९ टक्के. पिपेट तराजूवर तपासली, १० मिलीला ९.९८ ग्रॅम. सगळं बरोबर असून उत्तर चूक. कुठे बघू? आणि त्या अकरा रिपोर्टांबद्दल नियम काय सांगतो?

क्यूएम, पुणे

मी क्वालिटी मॅनेजर आहे. आधी साहेबांच्या शंकेबद्दल. आयोजकाचा आकडा चुकू शकतो, म्हणून पीटीच्या रिपोर्टात तो कसा काढला ते वाचा. वजन करून बनवलेल्या सँपलचा हिशोबी आकडा आहे, की भाग घेतलेल्या लॅबच्या आकड्यांवरून काढलेला? दोन्ही दिलेले असतील आणि एकमेकांजवळ असतील तर आयोजकाकडे बोट दाखवू नका. बाटल्या एकसारख्या होत्या का, मुदतीत टिकल्या का, याच्या तपासण्याही त्यात असतात. आयएसओ १७०४३ या पीटी आयोजकांच्या मानकाप्रमाणे ते त्यांना करावंच लागतं.

नायट्रेटमध्ये नेहमीची चूक एककाची असते, नायट्रोजन म्हणून कळवायचं की नायट्रेट म्हणून. पण त्यात ४.४३ पटीचा फरक पडतो, तुमचा तसा नाही. डायल्यूशन (सँपल पाणी घालून पातळ करणं) बघितलंत का? ४२ चा सँपल तुमच्या रेषेच्या वर जात असणार.

रिपोर्टांबद्दल: आयएसओ १७०२५, म्हणजे लॅबसाठीचं मानक, त्याचं कलम ७.१० काढा. चुकीचं काम सापडलं की आधीच्या निकालांवर काय परिणाम झाला ते तपासायचं आणि गरज असेल तिथे ग्राहकाला कळवून काम परत बोलवायचं, असं तिथे स्पष्ट आहे. ७.८.८ मध्ये सुधारित रिपोर्ट कसा द्यायचा ते आहे. साहेबांपुढे ती दोन पानं ठेवा. 'ॲनालिस्टची चूक' हे मूळ कारण होत नाही. तो कागद ऑडिटमध्ये मीसुद्धा परत पाठवला असता.

जलसुरक्षक, शिरोळ तालुका

ताई, मी ग्रामपंचायतीत जलसुरक्षक आहे. टीसीएल (क्लोरीनची पावडर) टाकणं, ओटी टेस्ट (पाण्यात क्लोरीन उरलंय का ते बघणं) घेणं, बाटल्या भरून लॅबला पोचवणं, ही माझी कामं. तुमचं वाचून पोटात गोळा आला. आमच्याकडं किट आहे, त्यात एका विहिरीचा नायट्रेटचा रंग मला दरवेळी गडद दिसायचा. लॅबच्या कागदावर ३९ आलं तवा मी म्हटलं आपल्याच डोळ्याची चूक, मशीन खोटं बोलंल व्हय? तुमची लॅब होती का दुसरी ते मला ठाव न्हाई.

एक विचारतो. टीसीएलनं हे नायट्रेट जातं का? उकळून दिलं तर बाळाला चालंल का? गावात सगळ्या बायका उकळूनच देतात.

जुना केमिस्ट, सांगली

आधी जलसुरक्षक भाऊंना, कारण त्यांचा प्रश्न घाईचा आहे. टीसीएल जंतू मारतं. नायट्रेट हे विरघळलेलं क्षार आहे, त्याला क्लोरीन काही करत नाही. आणि उकळल्यानं ते वाढतं. पाणी वाफ होऊन जातं, क्षार खाली राहतात. सहा महिन्यांच्या आतल्या, वरच्या दुधावरच्या बाळाला याचा धोका सगळ्यात जास्त. रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची ताकद कमी होते, ओठ-नखं निळसर पडतात. त्या बाळापुरतं पाणी दुसऱ्या, तपासलेल्या स्रोताचं घ्या. आरओनं नायट्रेट बरंच कमी होतं, साध्या कँडलच्या फिल्टरनं नाही. आणि त्या विहिरीभोवती उकिरडा, शोषखड्डा, युरियाच्या पाळ्या किती ते बघा. आपल्या उसाच्या पट्ट्यात हे पाणी असंच बिघडतं. किटच्या रंगावर अजिबात विश्वास ठेवायचा नाही, असं मात्र करू नका. रंग आणि कागद पटले नाहीत की दुसरी बाटली पाठवायची.

आता बाळ, तुझ्याकडे येतो. मी ३१ वर्षं पाणी तपासलं. तुझी पोस्ट दोनदा वाचली.

तुझी रेषा सरळ आहे, क्यूसी आत आहे, स्पाइक ९९ आहे. हे सगळं एकाच स्टॉक बाटलीतून, म्हणजे वजन करून बनवलेल्या मूळ द्रावणातून, बनवतेस ना? मग ते तीन साक्षीदार नव्हेत, एकाच साक्षीदारानं तीनदा दिलेली जबानी आहे. माप खोटं असलं की त्या मापानं मोजलेलं सगळंच एकमेकांशी जुळतं. स्टॉकमध्ये १०० ऐवजी ११९ असेल तर रेषा सरळच येणार, क्यूसीला तोच ११९ चा हिस्सा पडणार, स्पाइकलाही तोच. फक्त बाहेरचा सँपल कमी दिसणार, आतून कुणालाच कळणार नाही. बाहेरची बाटली आली तेव्हा कळलं. पीटी त्यासाठीच असते.

११९ का म्हणालो? तुझा आकडा भागिले खरा आकडा: ३५.३ भागिले ४२.० म्हणजे ०.८४. हा आकडा मी आयुष्यात एकदा पाहिलाय. पोटॅशियम नायट्रेटचा रेणुभार १०१.१. सोडियम नायट्रेटचा ८५. ८५ भागिले १०१.१ किती होतात ते कर. १०० चं स्टॉक करायला पोटॅशियमचं १६३.१ मिलिग्रॅम लिटरभर पाण्यात घालतात. तेवढंच वजन कुणी सोडियमच्या बाटलीतून घेतलं तर ११९ होतं. दोन्ही पांढरी, दोन्ही खड्याची, नजरेला फरक कळत नाही.

मी छातीठोक सांगत नाही. उद्या सकाळी लॅब उघडल्यावर आधी कपाटातली बाटली बघ, मग वजनाचं रजिस्टर. आणि पीटीची उरलेली बाटली फ्रीजमध्ये असेल तर कुणाला टाकू देऊ नकोस.

कळंब्याची केमिस्ट

सर, तुमचे पाय धरावेत असं वाटतंय.

पोटॅशियम नायट्रेटची बाटली मे महिन्यातच संपली आहे, स्टोअरच्या रजिस्टरमध्ये शून्य शिल्लक. कपाटात त्याच जागेवर सोडियम नायट्रेट उभी आहे, त्याच कंपनीची, तसंच लेबल, कुठल्यातरी जुन्या कामासाठी आणलेली. स्टॉक १४ जूनला केलेलं, वजन १६३.१ मिलिग्रॅम. रजिस्टरमध्ये नाव पोटॅशियमचंच लिहिलंय, पण बाटलीचा लॉट नंबर सोडियमच्या बाटलीचा आहे. म्हणजे लिहिणाऱ्यानं लॉट नंबर प्रामाणिकपणे उतरवून घेतला आणि नाव सवयीनं लिहिलं. वजन केल्याची सही माझी नाही. पण शेजारच्या 'तपासले' या रकान्यात माझी सही आहे. मी काय तपासलं होतं? १६३.१ हा आकडा. बाटली हातात घेतली नव्हती.

कालच दुसऱ्या कंपनीचं प्रमाणित नायट्रेट स्टँडर्ड मागवून घेतलं. नवी रेषा काढली आणि पीटीची फ्रीजमधली उरलेली बाटली लावली. ४१.६ आलं. पडदा ओढून पाच मिनिटं नुसती बसून राहिले.

आता क्यूसीचं स्टँडर्ड कायम वेगळ्या कंपनीचं, वेगळ्या बाटलीतून. ते मी पद्धतीच्या कागदातच घालून घेतलंय. वजनाच्या वेळी दुसऱ्या माणसानं लेबल मोठ्यानं वाचायचं, हेही.

रिपोर्टांसाठी दोन दिवस लागले. पहिल्या दिवशी साहेब म्हणाले, लोकांना फोन करून आपलीच चूक सांगायची तर उद्या सँपल कोण देईल? मी पुण्याच्या मॅडमनी सांगितलेलं ७.१० चं पान आणि अकरा जणांची यादी टेबलावर ठेवली. म्हणाले, ठेवून जा. दुसऱ्या दिवशी त्यांनीच बोलावलं आणि म्हणाले की अकराही सँपल फुकट परत घ्या, सुधारित रिपोर्ट माझ्या सहीनं जाईल. २०१२ ला इचलकरंजीत काविळीची साथ आली तेव्हा त्यांच्या घरातही दोघं आजारी होते, हे मला तेव्हाच कळलं. त्यांच्याबद्दल पहिल्या पोस्टमध्ये जे लिहिलं ते तसंच ठेवते, कारण ते घडलं होतं. पण हेही घडलं.

काकांना मी स्वतः फोन केला. "काका, मी तुम्हाला पाणी चालेल म्हणाले होते ते चुकीचं होतं" एवढं वाक्य बोलायला मला फार वेळ लागला. ते रागावले नाहीत. म्हणाले, "बरं केलंस सांगितलंस." बाळ बरं आहे, डॉक्टरांना दाखवून आणलंय. पावडरीला आता भावाकडचं, नदीच्या योजनेच्या नळाचं पाणी आणतात. तेही पाणी मी मागवून घेतलं, ९ आलं. त्यांच्या विहिरीचा नवा सँपल ४८.३.

बाकी दहांपैकी सात जणांशी बोलणं झालंय, पाच बाटल्या आल्या आहेत. तीन नंबर लागतच नाहीत. पत्त्यात नुसतं गाव आणि मळ्याचं नाव आहे, दोन नृसिंहवाडीच्या बाजूला, एक कुरुंदवाडकडं. शनिवारी सुट्टी टाकून गाडीनं जाणार आहे.

क्यूएम, पुणे

जाताना कोरे सुधारित फॉर्म घेऊन जा. जुना रिपोर्ट परत मिळाला तर त्यावर रद्द लिहून तारीख टाका आणि फाइलला लावा. नाही मिळाला तर कुणाला, कधी सांगितलं त्याची नोंद करा. आणि ११ हा आकडा परत मोजा. ४५ गुणिले ०.८४ म्हणजे ३७.८. तुम्ही ३८ पासून धरलं असेल तर ३७.८ आणि ३७.९ वाले सुटले असतील. स्टॉक १४ जूनचं आहे, यादी जूनच्या १ तारखेपासून केली असेल तर पहिल्या पंधरवड्याचे उगाच धरलेही असतील.

कळंब्याची केमिस्ट

मॅडम, बघितलं. १४ जूनच्या आधीचा एकही नाही. पण ३७.९ चा एक सुटला होता. बारा झाले.

जलसुरक्षक, शिरोळ तालुका

ताई, नृसिंहवाडीकडची दोन गावं आणि मळ्याची नावं मला मेसेज करा. त्या बाजूच्या पंचायतीतली माणसं माझ्या वळखीची हायत, आज सांजच्याला निरोप पोचवतो. कुरुंदवाडचंबी बघतो. शनिवारी सकाळी लवकर या, दुपारनंतर ऊसतोडीच्या ट्रॉल्यांनी रस्ता अडतो. आणि एक बाटली जादा आणा, आमच्या त्या विहिरीचं पाणी तुमच्याकडंच देतो.