जिउ-जित्सूत माउंट (समोरच्याच्या अंगावर चढून बसणं) मिळतो पण कॉलर चोक (त्याच्याच गीच्या, म्हणजे जॅकेटच्या, कॉलरने गळा आवळणं) लागतच नाही, काय चुकतंय?

पांढरापट्टा_पुणे:
मंडळी, गावाकडे तालमीत पाच वर्षं काढलीत, आता पुण्यात जिउ-जित्सू चालू करून आठ महिने झाले. पट काढून पाडणं, वर चढून बसणं जमतं, पण माउंटवरून क्रॉस चोकला (हातांची फुली करून कॉलर आवळायला) गेलो की समोरचा ब्रिज मारून, म्हणजे कंबर उचलून, मला उलटवतो, माउंटचे चार पॉइंट घेऊनही मीच खाली. आणि कधी चुकून दोन्ही हात कॉलरमध्ये गेलेच तर मी ओढ ओढ ओढतो, बोटं सोलून निघतात आणि तो निवांत श्वास घेत पडलेला असतो. ताकद कमी पडते का?

गी_धुतली_का:
ताकदीचं नाही रे भावा, घाई करतोयस. आधी गुडघे वर सरकव, पार त्याच्या काखेत, पोटावर बसलास तर ब्रिज बसणारच. मग पहिला हात, उजवा हात त्याच्या उजव्या कॉलरमध्ये, चार बोटं आत अंगठा बाहेर, आणि खोल म्हणजे मानेमागच्या टॅगपर्यंत. एवढं झालं की थांब. त्याला घाबरू दे. तो हाताशी झटापट करायला लागला की दुसरा हात खालून घाल आणि कपाळ मॅटवर टेक, दोन्ही हात अडकलेत ना, मग डोकंच तिसरा पाय. आणि ओढायचं नाही, मनगटं वळवून कोपरं खाली पाडायची. दाब गळ्याच्या नळीवर नको, मानेच्या दोन्ही बाजूंच्या रक्तवाहिन्यांवर हवा, नीट बसला तर काही सेकंदांत टॅप, म्हणजे हात थोपटून हार. जिउ-जित्सूचा चॅम्पियन रॉजर ग्रेसीने 2009 च्या वर्ल्ड चॅम्पियनशिपला ब्लॅक बेल्टवाल्यांना एकामागून एक ह्याच चोकने संपवलं, सगळ्यांना माहीत होतं काय येणारे, तरी.

लंगोट_ते_गी:
वरचं बरोबर, पण तालीमवाल्यांची एक खोड सांगतो, माझीही होती. आपल्याला पाठ टेकायची इतकी भीती की कोणी उलटवलं की आपण लगेच पोटावर वळतो. कुस्तीत चितपट वाचते, इथे पाठ दिली की चार पॉइंट आणि वरून बो अँड अ‍ॅरो चोक, कॉलर एका हातात पँट दुसऱ्या हातात, खेळ खल्लास. उलटलास तर पाठीवरच राहा, गार्ड बंद कर, म्हणजे त्याच्या कमरेभोवती पाय अडकव. क्रॉस चोक तिथूनही लागतो की!

बोटं_दुखतात:
हात आखूड असेल तर एझेकिएल चोक करून बघ, स्वतःच्याच बाहीत बोटं घालायची. माझा क्रॉस चोक दीड वर्षात दोनदाच लागलाय त्यामुळे मी ज्ञान देणार नाही 😅

पांढरापट्टा_पुणे:
काल गुडघे काखेत नेऊन बघितलं दादा, उलटलो नाही! चोक लागला नाहीच, पण हात वाचवायच्या नादात त्याने कोपर वर उचललं आणि आर्मबार (कोपर उलटं ताणायचा डाव) मिळाला. टॅगपर्यंत हात मात्र जाईना, समोरचा हनुवटी छातीला चिकटवून बसतो, त्याचं काय करायचं?

गी_धुतली_का:
हनुवटी उचलायच्या भानगडीत पडू नको, कॉलर मानेच्या बाजूने जाते. डाव्या हाताने आधी त्याची कॉलर छातीपाशी सैल करून घे, मग घाल उजवा. आणि नखं काप रे, प्लीज.