भक्तीत सगळ्यांना ‘महिमा’ जाणवतो, मला घड्याळ दिसतं

इंदूरची_सून
सगळ्यांना सलाम. विचारायला लाज वाटते, पण इथं कोण ओळखतंय!

आमच्या चर्चची भक्ती हिंदीत असते. गेल्या वर्षापासून तरुण पोरांनी कीबोर्ड, ड्रम आणलेत. तिसऱ्या गाण्याला गाणारा मुलगा डोळे मिटून म्हणतो, ‘महिमा उतर रही है’, आणि शेजारच्या काकू रडायला लागतात. ढोंग नाही हो, मी त्यांना चांगली ओळखते. मी मात्र घड्याळ बघत असते. साडेअकराला घरी पोचले नाही तर सासूबाईंची कूस बदलायची वेळ टळते.

दोन वर्षं झाली, त्या अंथरुणाला खिळून आहेत. नगरकडच्या, अंगाने भरभक्कम. दर दोन तासांनी कूस बदलावी लागते, नाहीतर पाठीला जखमा होतात. जुनी चादर दुहेरी करून कमरेखाली घालायची, तिची कड मुठीत गुंडाळायची, गुडघा पलंगाला टेकवायचा आणि एक-दोन-तीन. माझं नाव त्या विसरल्यात. मला ‘नर्सबाई’ म्हणतात, आणि मी बिल कधी देणार ते विचारतात.

भक्तीनंतर पोहे खाताना सगळे म्हणतात, ‘आज काय जाणवलं!’ मी पोह्यांवर घालायचा जिरावण मसाला मागते आणि विषय टाळते. देवाचं गौरव, म्हणजे हिंदीतली ही ‘महिमा’, खरंच जाणवतं का? की ते काही जणांच्याच वाट्याला?

भाकर_आणि_मासे
तीन दिवस उपास करून बघा, नक्की जाणवेल.

इंदूरची_सून
उपास रोजच घडतोय दादा, दुपारी तीनपर्यंत.

ढोलकीवाला
ताई, मी त्या ड्रमवाल्यांपैकीच आहे, म्हणून थोडी बाजू घेतो. रडणं-ओरडणं हे काही आजचं फॅड नाही. १९०५ साली केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये पंडिता रमाबाईंच्या मुली मोठमोठ्याने रडत प्रार्थना करत होत्या. आणि त्याच रमाबाईंनी हिब्रू-ग्रीक शिकून अख्खं बायबल मराठीत आणलं. म्हणजे डोळ्यांत पाणी आणि हातात शब्दकोश, दोन्ही एकाच घरात. पण ‘उतर रही है’ असं माइकवर जाहीर करू नये, हे मलाही पटतं. रेल्वेची घोषणा आहे का ती?

शास्त्र्याचा_नातू
आपल्या बायबलात ज्याला कुठे तेज, कुठे वैभव, कुठे गौरव म्हटलंय, त्यामागचा हिब्रू शब्द बहुतेक ठिकाणी ‘कावोद’ आहे. त्याचं मूळ ‘जड असणं’. आधी वजन, झगमगाट नंतरचा.

बायबलात १ शमुवेल, अध्याय ४ काढा. म्हातारा याजक एली आसनावरून मागे पडून मरतो, कारण तो वृद्ध आणि ‘जड’ होता. तिथे त्याच मुळाचा शब्द आहे. पुढे त्याची सून बाळाचं नाव ईखाबोद ठेवते, गौरव गेलं म्हणून. सासऱ्याचं जडपण आणि देवाचं गौरव, दोन्ही एकाच अध्यायात, एकाच धातूतून. तुमची चादरीची गोष्ट वाचताना मला हाच अध्याय आठवला.

आणि निर्गम ३४. मोशे डोंगरावरून उतरला तेव्हा त्याचा चेहरा तेजस्वी झाला होता, पण ते त्याला स्वतःला ठाऊक नव्हतं. बाकीच्यांना दिसलं. म्हणून ‘मला जाणवत नाही’ एवढ्यावरून काही ठरवू नका.

इंदूरची_सून
मोशेइतकं मोठं नका करू, माझा चेहरा झोप नसल्याने काळवंडलाय! पण ‘जड’वर अडकले. दोन दिवस चादर ओढताना तेच डोक्यात.

काल रात्रीचं सांगते. अडीच वाजता कूस बदलली, पाठीला पावडर लावली आणि सवयीने प्रभूची प्रार्थना पुटपुटले. झोप इतकी अनावर होती की ‘वाइटापासून सोडव’ म्हटलं आणि थेट ‘आमेन’. दिवा बंद करायला हात नेला तर मागून आवाज आला, चांगला खणखणीत, शाळेत बाई दटावतात तसा:

‘नर्सबाई, गौरव राहिलं.’

मी तशीच उभी. ज्यांना माझं नाव आठवत नाही त्यांना शेवटची ओळ आठवत होती. परत पलंगावर बसले आणि म्हटलं, ‘कारण की राज्य, सामर्थ्य व गौरव ही सर्वकाळ तुझी आहेत.’ त्यांनी ‘आमेन’ म्हटलं आणि पाणी मागितलं. चमच्याने पाजलं. चार चमचे प्यायल्या, पाचवा उशीवर सांडला.