पदराच्या गाठीतली माती

माझ्या आईची श्रद्धा देवघरापेक्षा तिच्या कष्टांतच अधिक दिसे. त्याची एक आठवण सांगतो. आमचे गाव सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यातले. १९७२ च्या दुष्काळात वडील मुंबईला गिरणीत होते. चाऱ्याअभावी बैलजोडी विकावी लागली, तेव्हा गळ्यातली तुळशीची माळ सावरत आई रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जाऊ लागली. त्या उन्हातही तिने एकादशी मोडली नाही. (तिच्या उपासांवरून मी पुढे पुष्कळ वाद घातला, तो आता पोरकट वाटतो.) संसारामुळे पंढरपूरपर्यंत पायी जाणे तिला कधी जमले नाही, म्हणून ज्ञानेश्वर महाराजांची पालखी लोणंदहून तरडगावकडे निघे, त्या दिवशी ती चांदोबाचा लिंब येथे उभे रिंगण, म्हणजे वारकऱ्यांच्या दोन रांगांमधून होणारी अश्वांची दौड, पाहायला जाई आणि अश्व धावून गेल्यावर त्याच्या टापांखालची चिमूटभर माती पदराच्या गाठीत बांधून आणी. ती माती पेरणीच्या बियाण्यात मिसळली जाई. वडील वारले त्या वर्षीही हे चुकले नाही. फक्त त्या वर्षी पेरणीच्या पाभरीमागे ती स्वतः चालली.